उणं कोण?

हरणाबाईनं खुर्ची उचलली. ती बाहेर व्हरांड्यात नेऊन बसा, असं तिला सांगितलं होतं. तिनं ती दारातच टेकवली, मागचे दोन पाय बाहेर, पुढचे दोन आत, आणि पदर सावरून वर ठाण मांडलं.

"आज्जी, चाचणी चालू असताना घरच्यांना आत बसता येत नाही," टेबलापलीकडची बाई म्हणाली.

"आत कुठं हाय मी? उंबऱ्यावर हाय."

"घरचं माणूस समोर असलं की मुलं बावरतात."

"समोर न्हाई, पाठीमागं बसलीया. पाठीला डोळं असत्यात व्हय तिच्या?"

बाईला हसू आलं. वयानं तिशीची, चष्म्याची, हरणाबाईच्या सुनेपेक्षाही लहान. तिनं हातातली पेन्सिल खाली ठेवली. "बरं, बसा. पण एक शब्द बोलायचा नाही. कबूल?"

हरणाबाईनं ओठावर बोट ठेवून दाखवलं. आटपाडीच्या पुढच्या त्या वाडीत हे कुणी बघितलं असतं तर पोट धरून हसलं असतं. हरणाबाई गप्प बसली म्हणजे एकतर ती झोपली असणार, नाहीतर कुणीतरी मेलं असणार.

टेबलाशी तिची नात बसली होती. पल्लवी, आठवीतली. शाळेच्या वीरधवल सरांनी चिठ्ठी दिली म्हणून पहाटेच्या एसटीनं दोघी सांगलीला आल्या होत्या. चिठ्ठीत लिहिलं होतं की मुलगी तोंडी सगळं सांगते, पेपर मात्र कोरा देते, तपासून घ्यावं. वाडीला हरणाबाईनं सांगितलं होतं, पोरीला चष्मा लावायला नेते. येड्याच्या डॉक्टरकडं नेली म्हणून एकदा तोंडातून तोंडात गेलं, की उद्या पोरीला स्थळ कोण सांगून येणार?

बाईचं नाव ब्राह्मी मगदूम. दारावर पाटी होती, ती पल्लवीनं वाचली नाही आणि हरणाबाईला अक्षरं जुळवायला वेळ लागला असता. म्हणून तिनं शिपायालाच विचारलं. नाव ऐकल्यावर ती म्हणाली होती, "डोक्याला तेल लावत्यात त्येच का?" आणि ब्राह्मीबाईनं मान डोलावली होती, "तेच. डोक्याशीच काम आहे माझं."

तेव्हाच फॉर्म भरून झाला होता.

"मुलीचे वडील?"

"न्हाईत. ही पोटात असतानाच गेलं."

"शिक्षण किती होतं त्यांचं?"

"धावी." हरणाबाईची जीभ अडखळली नाही.

"घरात आणखी कुणाला लिहा-वाचायला अवघड जायचं का? आत्ता नाही, आधीच्या कुणाला?"

"आमच्या घरात? माझा थोरला इंद्रजित पंधरावी झालाय. कचेरीत हाय तालुक्याला. मी दुसरीतनं शाळा सोडली, तरी अंगठा लावत न्हाई. पाच वर्षं पंचायतीत मेंबर व्हते. सही करते मी."

ब्राह्मीबाई लिहीत होती. हरणाबाईनं टेबलावर हात ठेवला.

"बाई, ते समदं ऱ्हाऊ द्या. मला एकच सांगा. ही सोंग करती, का खरंच हिला येत न्हाई?"

बाईनं मान वर केली. "तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटायचं काय त्यात? सोंगच हाय."

पण ते जसं म्हणायचं होतं तसं तोंडातून निघालं नाही. खरं सांगायचं तर सोंग निघावं, एवढ्यासाठीच ती दोन गाड्या बदलून आली होती. सोंग निघालं तर पोरीला घरी नेऊन काय ते बघता येणार होतं. सोंग नाही निघालं, तर मागचं एक सगळं उलटं फिरून तिच्याच दारात येऊन उभं राहणार होतं.

आता ब्राह्मीबाईनं चित्रांची वही काढली. एकेक चित्र पुढं ठेवायचं, त्यात काय राहून गेलंय ते मुलीनं सांगायचं.

"घड्याळाला बारका काटा न्हाई," पल्लवी म्हणाली. पान उलटलं. "बैलाला येक खूर कमी हाय." पान उलटलं. "त्या बाईच्या सावलीला हात न्हाई."

ब्राह्मीबाईचा हात पानावरच राहिला. तिनं मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग पोरीकडं बघितलं. पुढची चित्रं अवघड होती. गर्दीची, झाडापानांची. पल्लवीची नजर एका कडेनं सुरू व्हायची, दुसऱ्या कडेला पोचायची आणि पोचेपर्यंत उत्तर आलेलं असायचं.

"इतक्या पटकन मी आजवर कुणाचं बघितलं नाही," बाई म्हणाली. "कुठं शिकलीस?"

पल्लवी लाजून खांदे उडवत बसली. दारातल्या हरणाबाईनं मात्र मान वळवून व्हरांड्यातल्या भिंतीकडं बघितलं. ही नजर तिच्या ओळखीची होती.

धाकट्या लेकाची, पल्लवीच्या बापाची. अर्जुनाची.

संध्याकाळी मेंढरं माळावरनं परतली की जाळीच्या वाघुरीत शिरायची. धनगराच्या घरात जित्या जितराबाची गणती करत नाहीत. मोजणाऱ्याची नजर लागते, असं हरणाबाईला तिच्या सासूनं सांगितलेलं आणि सासूला तिच्या सासूनं. म्हणून 'किती' असं कुणी विचारायचं नाही. विचारायचं ते 'उणं कोण?' हरिबा, तिचा नवरा, वाघुरीच्या तोंडाशी उभा राहून रोज विचारायचा. आणि सहा वर्षांचा अर्जुना दगडावर चढायचा, या कडेपासून त्या कडेपर्यंत एकदा बघायचा आणि म्हणायचा, "बांड्या कानाची न्हाई. वढ्याला ऱ्हायली आसंल." माणूस ओढ्याला जायचा. बांड्या कानाची तिथंच काटवनात अडकलेली असायची. कधी चुकलं नाही.

तो अर्जुना चौथीत पाटी घेऊन रडत बसायचा. मास्तर म्हणाला, "तोंडी विचारलं तर पोपटासारखं सांगतोय. लिही म्हटलं की दगड. मुद्दाम करतोय हे पोरगं." हरणाबाईला ते चटकन पटलं. का पटू नये? मेंढराचं तोंड मेंढरासारखंच असतं. परक्याला दाखवलं तर सगळी एका साच्यातली. त्यातलं एकेक जो ओळखतो, त्याला अक्षर ओळखू येऊ नये? अक्षर तर प्रत्येक निराळं, एक वाटोळं, एक शेपटाचं, एकाच्या डोक्यावर शिंग. मठ्ठ पोर असतं तर तिनं देवाला दोष दिला असता आणि गप्प बसली असती. हे पोर मठ्ठ नव्हतं, हीच तर गोम होती. म्हणजे सोंगच.

तिनं त्याला उपाशी ठेवलं. खांबाला बांधलं. आणि एक दिवस, जनावर लंगडायला लागलं की देतात तसा, विळा तापवून डाग दिला. उजव्या मनगटाला, आतल्या बाजूनं, लिहायच्या हाताला. अर्जुना ओरडला नाही. हाताकडं बघत राहिला, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा होता. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला मेंढरामागं घातलं. घरात एक शाळेला, एक मेंढराला. दप्तर खुंटीला टांगलेलं राहिलं. कुणी काढलं नाही आणि तोही कधी काढा म्हणाला नाही.

तोच विळा तिनं महिन्यामागं पुन्हा चुलीत घातला होता. वीरधवल सरांचा निरोप आला त्या दिवशी. पल्लवीला हाताला धरून बसवलं होतं. तेवढ्यात तिची आई रेश्मा रानातनं आली. चौदा वर्षं विधवा म्हणून या घरात राहिलेली सून, मान वर करून कधी बोललेली नाही. ती आली, लेकीचं मनगट तिनं आपल्या दोन्ही मुठीत झाकून घेतलं आणि म्हणाली,

"आत्याबाई, ह्यास्नी तुमी डाग दिला तेवढा पुरं झाला."

बस्स. एवढंच. विळा चुलीतच निवला. दुसऱ्या दिवशी हरणाबाईनं वीरधवल सरांना सांगितलं, द्या ती चिठ्ठी.

"पल्लवी," ब्राह्मीबाई आत विचारत होती, "तुमच्या घरी मेंढ्या आहेत ना? किती आहेत?"

पल्लवीनं खाली बघितलं.

"साधारण सांग. वीस? पन्नास?"

पल्लवी फरशीवर पायाच्या अंगठ्यानं रेघ ओढू लागली. ब्राह्मीबाई थोडी थांबली, मग पेन्सिल कागदाकडं गेली. हरणाबाईनं ओठ आवळून धरले. पण पेन्सिल हललेली दिसली तशी तिची कबुली संपली.

"ए बाई, काय लिवतीस? सांगणार न्हाई ती."

"आज्जी, आपलं ठरलं होतं ना?"

"ठरलं व्हतं ते तुझ्या टेबलावरच्या खेळापुरतं. आमची मेंढरं त्यात कशाला वढलीस? जित्या जितराबाची गणती आमी भाईर सांगत न्हाई. मीच शिकवलंय तिला. सोता बिरोबा येऊन इचारू दे, सांगायचं न्हाई म्हणून."

ब्राह्मीबाईनं चष्मा काढून पुसला. "मग एखादं हरवलं तर कसं कळतं?"

हे आजीला विचारलं होतं, पण पल्लवीच बोलली. सकाळपासून पहिल्यांदा आपणहून. "बघितलं की कळतंय. उणं कोण त्ये दिसतंय."

 बाईनं खोडरबर घेतलं आणि लिहिलेलं खोडलं. "शाळेच्या कागदावर 'मोजता येत नाही' असं आलंय तिच्याबद्दल."

"त्या मास्तरनंबी ह्येच इचारलं आसंल. मेंढरं किती, कोंबड्या किती. दुसरं काय मोजायला गावात न्हाईच जणू."

ब्राह्मीबाईनं खणातून चिंचोके काढले. पल्लवीनं ते मोजले, वाटले, त्यातले उरलेले सांगितले. तोंडी हिशेबात ती कुठंही अडली नाही. हरणाबाईची छाती तेवढ्यापुरती फुगली. मग लक्षात आलं, हिशेब जितका बरा येईल तितकं ते सोंगाच्याच बाजूला जातं. तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

शेवटी वाचायचं होतं. तिसरीच्या पुस्तकातला असावा तसा एक उतारा, मोठ्या अक्षरांचा, चार ओळींचा. पल्लवीनं ओळीखाली बोट ठेवलं.

हरणाबाईनं हे घरी शंभरदा बघितलं होतं, पण समोरून. समोरून दिसायचं ते खाली घातलेलं तोंड, आवळलेले ओठ, हट्टी कपाळ. आज ती पाठीमागं बसली होती. पाठीमागून दिसत होते फक्त दोन कान आणि वेण्यांच्या मधली मान. पहिल्या शब्दाला कान लाल झाले. दुसऱ्या शब्दाला मानेवर घाम आला. डोक्यावर पंखा गरगरत होता, बाहेर ढगाळ होतं आणि मानेवरून घामाचा एक थेंब ओघळून झग्याच्या गळ्यात गेला. पल्लवीचं बोट पुढं जायचं, मागं यायचं. ओढ्याच्या काठाला येऊन मेंढरू थबकतं, पाय टाकतं, मागं घेतं, तसं. टेबलाखाली डावा हात झग्याचा घोळ पिळत होता.

लंगडणारं जनावर हरणाबाई फर्लांगभरावरून ओळखायची. खरं लंगडणारं आणि चुकारपणा करणारं. जनावर चुकारपणा करतं तेव्हा त्याच्या अंगाला काही कळत नसतं. पायापुरतं सोंग असतं. हे अंगभर होतं.

"एका… गा… गा…" पल्लवी थांबली. "एका…"

"पुरे झालं," ब्राह्मीबाई हळू म्हणाली. "छान प्रयत्न केलास. जा, खाली शिपाईमामा चहा-बिस्किटं देतील. आम्ही दोघी जरा बोलतो."

पल्लवी उठली. आजीजवळून जाताना तिनं अंग चोरलं. हरणाबाईनं तिला वाट द्यायला पाय आत घेतले.

खुर्ची आता आत आली. ब्राह्मीबाईनं ती स्वतःच उचलून टेबलाशी ठेवली.

"लेखी अहवाल पंधरा दिवसांनी शाळेत येईल. मग सरकारी दवाखान्यातून प्रमाणपत्र. त्यावर तिला दहावीला जास्त वेळ मिळेल, लिहून घ्यायला माणूस मिळेल. ते सगळं मी सरांना समजावते. पण तुम्ही मला एकच विचारलं होतं, त्याचं उत्तर आत्ता देते. ती सोंग करत नाही."

हरणाबाईनं लगेच तोंड उघडलं. हे उत्तर तिनं एसटीतच ठरवून आणलं होतं. "कळपातलं एकेक तोंड वळखती ती. तुमीच बघितलं की आत्ता. तिला अक्षर वळखत न्हाई म्हंजे काय, माझं डोस्कं!"

"तुमचा कळप मला दाखवलात, तर मला त्यातलं एक तरी ओळखू येईल का, आज्जी?"

"तुला? तुला शेरडू आन् मेंढरू निराळं वळखलं तरी लय झालं."

"मला सगळी सारखीच दिसतील. मग मी सोंग करते म्हणाल?"

"तुला कुणी दावलं न्हाई म्हणून."

"दाखवलंत. महिनाभर माळावर उभं करून दाखवलंत. उपाशी ठेवलंत, मारलंत. तरी नाही आलं मला. मग?"

हरणाबाई गप्प बसली.

"तुम्हाला जसं मेंढराचं तोंड दिसतं, तसं मला अक्षर दिसतं. शिकवायलासुद्धा फार लागलं नाही. तिला मात्र अक्षरांचा नुसता कळप दिसतो, सगळी सारखी. हुशार आहे ती. माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी मुलांपेक्षा हुशार. आणि म्हणूनच अशा मुलांना सगळ्यात जास्त मार बसतो. लोकांना वाटतं, एवढं येतं मग एवढंच कसं येत नाही?"

बाई ते सहज म्हणाली होती. तिला काही माहीत नव्हतं. हरणाबाईनं तिच्या डोळ्यांत नीट बघून खात्री केली, की हिला काही माहीत नाही.

"पक्कं सांगतीस?"

"पक्कं."

"आन् ह्ये…" हरणाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "ह्ये असं आधीबी कुणाला असतंय? म्हंजे, मागं. तवा काय नाव न्हवतं ह्येला."

"असतं की. घरातसुद्धा पुढं येतं, आईबापाकडून."

"आन् त्येचंबी सोंग नसतंय?"

"नसतं, आज्जी."

हरणाबाई उठली. "पाणी पिऊन येते," म्हणाली आणि व्हरांड्याच्या टोकाला माठ होता तिथं गेली. पेला भरला. तो तसाच हातात धरून उभी राहिली.

पाटणच्या दवाखान्यात अशीच उभी होती ती, चौदा वर्षांमागं. दिवाळी झाल्यावर मेंढरं कोकणात उतरवायला अर्जुना त्या रस्त्यानं निघाला होता. पहाटेचं धुकं होतं, एक ट्रक कळपात घुसला. मेंढरं मागं ओढायला तो पुढं पळाला म्हणे. तोंडावरनं ओळखता येण्यासारखं काही राहिलं नव्हतं. ज्यानं जन्मभर तोंडावरनं ओळखलं, त्याचंच. हवालदारानं चादरीखालनं हात तेवढा बाहेर काढून दाखवला. उजवा. तिनं मनगट उलटं केलं.

"माझाच हाय," ती म्हणाली होती.

"कशावरनं?"

"खुणंवरनं."

"कसली खूण म्हणून लिहू?"

"बारका असताना भाजलं व्हतं," तिनं सांगितलं. हवालदारानं तसंच लिहून घेतलं.

पेल्यातलं पाणी तिनं माठाशेजारच्या तुळशीच्या डब्यात ओतलं आणि परत आली. उभ्यानंच टेबलावरच्या फॉर्मकडं बोट केलं.

"तिच्या बापाचं लिवलंय ते कुठं?"

ब्राह्मीबाईनं रकाना दाखवला.

"धावी खोडा. चौथी लिवा."

बाईनं खोडलं, लिहिलं. "शाळा का सोडली त्यांनी?"

"त्येनं न्हाई सोडली."

ब्राह्मीबाईची पेन्सिल थांबली. ती पुढं विचारील, असं वाटून हरणाबाई तिच्याकडं बघत राहिली. विचारलं असतं तर कदाचित सांगितलंही असतं. पण ती पोरगी शहाणी होती, का कच्ची होती कोण जाणे, तिनं विचारलं नाही.

"आन् हुशार व्हता म्हणून लिवा."

"तसा रकाना नाही यात, आज्जी."

"मग कडंला लिवा. जागा हाय की एवढी."

ब्राह्मीबाईनं कागद आडवा केला आणि कडेच्या मोकळ्या जागेत लिहिलं. हरणाबाईनं त्या अक्षरांवर बोट ठेवलं. "ह्येच का?"

"हेच. 'वडील हुशार होते.'"

"हं." बोट तिथंच राहिलं. "तू हितं कवापासनं बसतीस, पोरी?"

"सहा वर्षं झाली."

"त्याच्या आधी कोण बसायचं?"

"त्याआधी कुणीच नव्हतं इथं."

हरणाबाईनं मान हलवली. त्या उत्तराचा तिला काही उपयोग नव्हता. सही कुठं करायची ते तिनं विचारलं, पेन मुठीत धरलं आणि एकेक अक्षर काढलं. जोर इतका लागला की सही खालच्या कागदावरही उमटली.

दुपारच्या गाडीला खिडकीची जागा मिळाली. पल्लवीनं बिस्किटाचा अर्धा पुडा आजीसाठी राखून ठेवला होता, तो तिनं पुढं केला. हरणाबाईनं एक घेतलं आणि हातातच ठेवलं.

"आज्जी, बाई काय म्हणली?"

"चष्मा नगं म्हणली."

पल्लवी हसली नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मग इळा?"

हरणाबाईनं तिच्याकडं बघितलं. पोरीनं उजवा हात मांडीखाली घातला होता. सकाळपासून, त्या टेबलाशीसुद्धा, एका बोटापुरता तो बाहेर आला असेल.

"तो इळा मोडीत देणार हाय मी," हरणाबाई म्हणाली. "काढ हात. मुंग्या येत्याल."

तासगाव मागं पडलं. द्राक्षाच्या बागा आणि बेदाण्याच्या शेडा संपल्या, माळ सुरू झाला. एका वळणावर गाडी थांबली. समोरून कळप रस्ता ओलांडत होता. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, मग इंजिन बंद करून मागं टेकला. मेंढरं एकमेकींच्या अंगावर रेलत रस्ता उतरत होती, पुढं काठी घेतलेला एक म्हातारा. पल्लवी खिडकीच्या गजांना कपाळ लावून बघत होती. तिची नजर या कडेला लागली आणि त्या कडेला पोचली.

"आज्जी, ह्यांच्यातलं एक मागं ऱ्हायलंय."

"तुला कशावरनं कळालं? कळप तुझ्या वळखीचा न्हाई."

"ती बघ की, पांढऱ्या कपाळाची. पुढं चालतीया, पर सारखी मागं वळून बघतीया."

हरणाबाईनं खिडकीकडं मान वळवली नाही. तिनं पल्लवीचा हात आपल्या मांडीवर घेतला, उलटा केला आणि मनगटाच्या आतल्या कोऱ्या कातडीवर अंगठा ठेवून बसली.

कळप उतरून गेला. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

"आज्जी, त्या आज्ज्याला हाक मारून सांगू का? न्हाईतर त्येला कळायचं न्हाई."

"सांग," हरणाबाई म्हणाली. "मोठ्यानं सांग."